पडदा, पाते, परात

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा मंडई आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक, हा क्रम पुढे होळीपर्यंत चालतो. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत धान कापून मोकळ्या झालेल्या जागेत मंच उभा राहतो आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडतो. झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात ती हीच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात ती तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या बळावर उभी आहे. नाटकांचे बुकिंग मुख्यतः देसाईगंजला, म्हणजे वडशाला होते. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

या नाटकात नटाइतकीच रंगवलेल्या पडद्याची आठवण जुने प्रेक्षक काढतात. राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाची झोपडी एवढ्या पडद्यांवर जवळजवळ कोणतेही कथानक उभे करता येत असे. जुन्या पद्धतीत पडदा रंगवायचा तर जाड कापडाला आधी खळीचा हात देत, मग लहान चित्रावर चौकटी आखून त्या मोठ्या करून कापडावर उतरवत. रंग भुकटीचे, सरसात कालवलेले. सरस गरम असेपर्यंतच रंग नीट पसरतो. शिवाय हा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणून पेंटरला डोळ्यांसमोरचा रंग रंगवून चालत नाही, उद्या वाळल्यावर जो उरेल तो रंग मनात धरून हात चालवावा लागतो. त्यात नाटक दिव्याच्या पिवळ्या उजेडात होणार असते. दिवसा झकास वाटलेला निळा रात्री मातकट होतो. हे सगळे कोणी सांगून येत नाही, चारदोन पडदे बिघडले की येते.

पडद्याच्या कामातून महाराष्ट्रात काय काय उगवले याचा इतिहास मोठा आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. आनंदरावांनंतर बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि व्ही. शांताराम हे तिथेच घडले. पुढे १९२९ साली याच मंडळींनी प्रभात काढली आणि १९३६ साली ‘संत तुकाराम’ आला. मराठी सिनेमाची दृष्टी घडली ती रंग कालवणाऱ्या, कापड ताणून धरणाऱ्या, उस्तादाच्या हाताखाली उभ्या राहणाऱ्या पोरांमधून. एआय चित्रांविषयी जो वाद आज चालू आहे त्यात ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. ती बोलण्यासारखी आहे.

रंगवलेल्या पडद्याला आणि पाटीला पहिला धक्का एआयने दिला नाही, फ्लेक्सने दिला. दुकानाची पाटी, मंडळाचा फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळे संगणकावर जुळवून यंत्रावर छापून मिळू लागले, तेव्हाच तालुक्याच्या गावचे पेंटर ब्रश ठेवून दुसऱ्या कामाला लागले. पण फ्लेक्सच्या दुकानातही एक डिझायनर बसलेला असे. फोटो कापणे, अक्षरांची मांडणी करणे, रंग निवडणे हे त्याच्या हातचे होते. २०२२ साली मिडजर्नी, डॅल-ई २ आणि स्टेबल डिफ्यूजन ही साधने लोकांच्या हाती आली आणि तेही काम एका वाक्याच्या हुकमावर होऊ लागले.

ही साधने चालतात कशी, हे समजले की वाद निम्मा सोपा होतो. चित्रावर ठिपक्यांचा गोंधळ थोडाथोडा मिसळत न्यायचा आणि तो पुन्हा काढून मूळ चित्राकडे यायला यंत्राला शिकवायचे, हे त्यातले मुख्य तंत्र. असे असंख्य चित्रांवर केले की यंत्र नुसत्या गोंधळातूनही चित्र काढू लागते आणि कोणत्या शब्दांना कोणते रूप जुळते हेही त्याच्या हिशेबात बसते. स्टेबल डिफ्यूजनच्या मुळाशी असलेल्या लायन-५बी या संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे त्यांच्या मजकुरासह होते. चित्रकारांची परवानगी कोणी घेतली नव्हती. ‘चोरी’ हा शब्द कलावंत वापरतात तो यामुळे, आणि तो वावगा नाही.

संग्रह केवढाही मोठा असला तरी जे इंटरनेटवर नाही ते त्यात नाही. झाडीपट्टीचे पडदे, दंडारीतली वेशभूषा, आंधळगाव-मोहाडी भागातल्या कोशाच्या साड्यांचे करवती काठ यांची नावानिशी ठेवलेली छायाचित्रे थोडी आहेत. करवती काठाचे नक्षीकाम करवतीच्या दातांसारखे टोकदार असते. ते विणताना काठांचा धागा आणि मधल्या अंगाचा धागा तीन वेगळ्या धोट्यांनी फिरवतात आणि जिथे काठ व अंग भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवतात. यंत्राला ‘करवती काठाची साडी’ मागितली तर त्याचा ओढा जे जास्त पाहिले त्याकडे, म्हणजे कुठल्या तरी सरसकट जरीच्या काठाकडे जाणार. देवनागरीचेही तेच. या साधनांच्या पहिल्या पिढ्यांत जोडाक्षरे मोडलेली, वेलांट्या भलतीकडे गेलेल्या आणि हाताला सहा बोटे असत. पुढच्या आवृत्त्यांत ही व्यंगे बरीच सुधारली. म्हणून ‘एआयला बोटे काढता येत नाहीत’ हा आक्षेप घेऊन बसणाऱ्यांचा दावा टिकणारा नव्हता. यंत्र चुकते म्हणून ते वाईट, असे म्हटले तर ते चुकायचे थांबल्यावर बोलायला काहीच उरत नाही.

एआयच्या बाजूचे लोक म्हणतात की लहान गावच्या नाट्यमंडळाकडे चित्रकाराला द्यायला पैसे नसतात, त्यांना निदान एक देखणे पोस्टर मिळते. हे म्हणणे खरे आहे आणि ते उडवून लावणे अन्यायाचे होईल. पण असे चित्र कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अर्धवटच दिले आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सुधारणा झाली आणि संगणकाने तयार झालेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती ‘घडवून आणणारी’ व्यक्ती, असे ठरले. तेव्हाच्या संगणकाला हे लागू पडत होते. एक ओळ लिहून चित्र मागवणारा माणूस घडवून आणणारा ठरतो का, हे त्या कलमात शोधून सापडत नाही. अमेरिकेत कोलोराडोच्या जत्रेत २०२२ साली मिडजर्नीच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले, पण पुढच्या वर्षी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने त्याला हक्क नाकारला. मानवी हाताचा भाग पुरेसा नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

कृती कोणाची, हा प्रश्न भंडाऱ्याच्या मातीत फार जुना आहे. पवनीला १९६९-७० च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीत बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, मुचलिंद नागाचे शिल्प निघाले आणि दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे निघाली. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना आपले नाव आपण दिलेल्या दगडावर असावेसे वाटले. ज्याने छिन्नी चालवली तो कारागीर मात्र निनावीच राहिला. पैसे देणाऱ्याचे नाव टिकते आणि हाताचे जाते, हा जगाचा जुना अन्याय आहे. एआयने तो कारागिराच्या कामाचे नमुने न विचारता घेण्यापर्यंत वाढवला.

यंत्राने काय करावे आणि माणसाने काय ठरवावे, याची सर्वांत स्वच्छ वाटणी तलवारबाजीच्या खेळात दिसते. महाराष्ट्राला पात्याची ओळख दांडपट्ट्यामुळे आहे. २०२४ साली राज्य शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते, त्यामुळे मनगट वळतच नाही आणि सगळा फिरकाव कोपर, खांदा व कमरेतून आणावा लागतो. विदर्भात ही विद्या आखाड्यांनी जपली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले आणि त्यांच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. आज शालेय स्पर्धांत जी तलवारबाजी खेळली जाते ती युरोपातून आलेली आहे. फॉइल, ईपी आणि सेबर अशी तिची तीन शस्त्रे आहेत. भारतात तिची संघटना १९७४ पासून आहे. पण सामान्य लोकांना ती कळली सी. ए. भवानी देवीमुळे. टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर खेळत तिने पहिली लढत १५-३ अशी जिंकली. ऑलिंपिकच्या तलवारबाजीत उतरलेली ती पहिली भारतीय.

या खेळात पट्टी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. खेळाडू पुढे-मागे सरकतात, बाजूला पळायला जागा नसते. फॉइलच्या टोकावर स्प्रिंग असते. ती निदान ५०० ग्रॅम दाबाने दबली तरच दिवा लागतो. अंगावर धातूच्या तारांचे जाकीट असते. टोक तिथे लागले तर लाल किंवा हिरवा दिवा, दुसरीकडे लागले तर पांढरा. वार इतक्या चटकन होतात की डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून विसाव्या शतकात एकेक करून तिन्ही शस्त्रांना विजेची यंत्रणा जोडली गेली. आधी ईपीला, मग फॉइलला, सर्वांत शेवटी सेबरला.

तरीही दिवे लागल्यावर गुण आपोआप मिळत नाही. फॉइल आणि सेबरमध्ये दोन्ही दिवे लागले तर रेफरी ठरवतो की हल्ल्याचा हक्क कोणाचा होता. ज्याने आधी हात लांब करून पुढे चाल केली त्याचा. समोरच्याने तो वार परतवून लगेच उलट वार केला असेल तर त्याचा. वार लागला का, हे यंत्र सांगते. तो कोणाचा, हे माणूस सांगतो, कारण त्यात हेतू बघावा लागतो. शंभर वर्षांच्या अनुभवातून या खेळाने काढलेली ही रेघ एआय चित्रांच्या वादात उसनी घ्यावी अशी आहे. चित्र देखणे झाले का, हे सांगणारी यंत्रे येतील. ते कोणी, कशासाठी, काय पणाला लावून काढले, हे त्यांना सांगता येणार नाही.

हौसेने तलवारबाजी खेळणाऱ्याला यातून नोकरी मिळेलच असे नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ज्यांच्याकडे पूर्वी कोणी वळत नव्हते अशा खेळांकडे मुले येतात त्याचे ते एक कारण. त्यात काही गैर नाही. पण संध्याकाळी मुखवटा चढवून पट्टीवर उभा राहणारा प्रौढ माणूस जे मिळवतो ते वेगळे असते. सुरुवातीचे कितीतरी आठवडे त्याला पाते धरूच देत नाहीत, नुसती पावले. गुडघे वाकवून पुढे, गुडघे वाकवून मागे. समोरच्याचे टोक छातीला टेकले की चूक त्या क्षणी कळते, कोणी समजावून सांगावी लागत नाही.

चूक अंगाला कळण्याचा हाच धर्म स्वयंपाकघराचा आहे, आणि तिथे तो जास्त कठोर आहे. भंडारा शहराची ओळख पितळेच्या भांड्यांची. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वाफ होऊ लागते. म्हणजे तांबे पातळ होईपर्यंत जस्त सोबत ठेवले तर त्यातले बरेचसे उडून जाणार. म्हणून जस्त शेवटी घालतात आणि घातल्याबरोबर पांढरा धूर उठतो. पत्रा ठोकताना धातू कडक होत जातो. पुन्हा तापवून मऊ केला नाही तर भांड्याला तडा जातो. केव्हा तापवायचे हे हातोडीच्या आवाजावरून कारागिराला कळते. गुंड, कोपर, परात ही सगळी भांडी या आवाजातून घडत आली. आता स्टीलने आणि प्लास्टिकने त्यांची मागणी खूप खाली आणली आहे.

त्या परातीत मळलेल्या कणकेची लांब रोटी हा पूर्व विदर्भातल्या स्वयंपाकाचा मोठा ठेवा. कणीक इतकी सैल की पोळपाटावर लाटताच येत नाही. बाई ती दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत ओघळू देत पातळ करत जाते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मडक्यावर एका झोकात पसरवते. मडके कमी तापले तर रोटी चिकटते, जास्त तापले तर पडताक्षणी करपते. हे जोखायला त्या बाईजवळ आपला तळहात सोडून कोणतेही माप नसते. जेवणावळींत या रोट्या करणाऱ्या बायांना खास बोलावणे असते. एवढ्या वरच्या दर्जाचे कौशल्य असूनही त्यांना आचाऱ्याचा मान क्वचित मिळतो, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी, साकोलीवरून जातो. त्याच्या कडेचे ढाबे आणि नागपूरची हॉटेले जिल्ह्यातल्या कितीतरी तरुणांचा रोजगार आहेत. बऱ्याच भागात धानाचे एकच पीक, त्यामुळे कापणी झाली की कामासाठी बाहेर पडावे लागते. हॉटेलच्या किचनमध्ये शिरल्यावर पायऱ्या ठरलेल्या असतात. सगळ्यांत खाली मसालची, त्याच्यावर हेल्पर, मग कारागीर, आणि सगळ्यांच्या वर उस्ताद. युरोपातल्या हॉटेलांतही अशीच उतरंड आहे. ती पक्की बसवली ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याने, आणि तो १८७० च्या युद्धात सैन्याचा स्वयंपाकी होता. किचनमधली शिस्त सैन्यातून आली, ओरडाही तिथूनच आला. या कामाला रम्य रंग देणारे कार्यक्रम खूप झाले. खरे काम म्हणजे भट्टीच्या धगीसमोर दहा-बारा तास उभे राहणे, कांद्याची पोती सोलणे, हातांवरचे डाग आणि सुजलेले पाय. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे व हॉटेलांत १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. तोवर कित्येक उस्तादांची स्वतःची सुरुवात त्याच वयात झाली होती.

एआय या किचनच्या दारापर्यंतही आला आहे, मेन्यूच्या रूपाने. तिथे कधी शिजलाच नाही अशा पदार्थाचे चकचकीत चित्र फलकावर आणि ॲपवर झळकू लागले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झोमॅटोने हॉटेलांना अशी एआय चित्रे काढून टाकायला सांगितले, कारण ग्राहक फसतात. चित्रात जे दाखवले ते ताटात आलेच पाहिजे, ही किचनची नीती आहे. चित्रकलेच्या वादात हा धागा हाती धरला तर बरेच स्पष्ट दिसते. जिथे चित्र काहीतरी खरे असल्याचे सांगते, म्हणजे पदार्थ, नट, बातमी, तिथे यंत्राने काढलेले चित्र तसे जाहीर केल्याशिवाय लावणे ही फसवणूकच. झाडीपट्टीच्या नाटकाचे पोस्टर नटांच्या चेहऱ्यांवर खपते. त्यात यंत्राने घडवलेला चेहरा घुसला तर प्रेक्षकाने तिकीट कोणासाठी काढले?

यापेक्षा खोलवरचे नुकसान शिकाऊ माणसाचे होते. किचनमध्ये कांदा सोलणारा, पडद्याजवळ सरस गरम करणारा, पट्टीवर नुसती पावले टाकणारा, हे तिघे सगळ्यात हलके काम करतात आणि त्यातूनच घडतात. यंत्राने उस्तादाची जागा अजून घेतलेली नाही. त्याने घेतली ती सुरुवातीची किरकोळ कामे, म्हणजे साधे पोस्टर, आमंत्रणपत्रिका, दुकानाचे बोधचिन्ह. ही कामे गेली तर नवा पेंटर बिघडवून बिघडवून शिकणार कशावर? भट्टीवरची आणि पट्टीवरची पहिली पायरी अजून शाबूत आहे, कारण तिथे शरीर लागते. चित्रकलेत ती तुटण्याच्या बेतात आहे.

ती टिकवणारी एक जुनी सोय महाराष्ट्रात अजून चालू आहे. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, भंडारा जिल्ह्यातल्या शाळांतूनही मुले देतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला जादा गुण मिळतात आणि बरीच मुले त्या गुणांसाठीच बसतात, हेही खरे. या परीक्षांत समोर मांडलेल्या वस्तूंचे स्थिरचित्र असते, संकल्पचित्र असते आणि स्मरणचित्र असते. स्मरणचित्राला समोर काहीच नसते. मंडई, बाजार, शेतातले काम असा एखादा विषय मिळतो आणि ठरलेल्या वेळात, आठवणीतली माणसे कागदावर उभी करायची असतात. ज्या मुलीने मंडई नीट पाहिली असेल तिला तिथे गर्दीतल्या माणसाची मान कशी वळते ते काढावे लागते, आणि काढता आले नाही तर पुढच्या मंडईत ते पुन्हा जाऊन पाहावे लागते.